मेंदूचे वार्धक्य आणि ऋणनिर्देशाची नीती

वार्धक्यात मेंदूचे काय होते, स्मृती का झिजते, आणि एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एकाची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत राहत असता दुसऱ्याची मात्र का ढासळते, या प्रश्नांवर गेल्या वीस वर्षांत जे शोधनिबंध प्रसिद्ध झाले त्यांपैकी हजारो निबंधांच्या पहिल्या पानावर, लेखकांच्या नामावळीच्या अखेरीस, एक तारका छापलेली आढळते. आणि तिचा माग काढीत पानाच्या तळाशी गेले असता बारीक टाइपातला एक ठराविक मजकूर दृष्टीस पडतो. निबंधासाठी वापरलेली माहिती ‘अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाच्या भांडारातून घेतली असून, त्या उपक्रमातील संशोधकांनी त्याची आखणी व अंमलबजावणी केली किंवा माहिती पुरवली, परंतु प्रस्तुत विश्लेषणात अथवा लेखनात त्यांचा भाग नाही, असा त्याचा आशय असतो. निबंधाच्या शेवटी पुन्हा एक परिच्छेद येतो, आणि त्यात अनुदानांचे क्रमांक, सरकारी खाती, औषधी कंपन्या व धर्मादाय संस्था यांची लांबलचक यादी असते. वाचक ही यादी ओलांडून पुढे जातो आणि संपादकाला तिची जागा डाचते. तरीही हे ज्ञान कोणाच्या पैशावर, कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या शरीरावर उभे राहिले, याचा लेखी दाखला बहुधा त्या बारीक टाइपातच मिळतो. तो दाखला कसा घडत गेला, त्यात कोणाची नोंद चोख होते, कोणाची अर्धवट होते आणि कोणाची जवळजवळ होतच नाही, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे.

हा प्रश्न विज्ञानाच्या सर्वच शाखांत असला, तरी मेंदूच्या वार्धक्याच्या अभ्यासात तो विशेष तीव्र होतो, आणि त्याचे कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. वार्धक्य सावकाश येते. ज्या माणसाचा मेंदू सत्तराव्या वर्षी तपासावयाचा, त्याची चाळिशीतील किंवा शक्य तर बालपणातील मोजमापे हाताशी असावी लागतात. म्हणजे ज्याने मोजमाप आरंभिले तो निष्कर्ष पाहण्यास हयात असेलच असे नाही, आणि ज्याने निष्कर्ष काढला त्याने ती माणसे कधी डोळ्यांनी पाहिलेली असतीलच असेही नाही. बाल्टिमोर येथे नेथन शॉक यांच्या पुढाकाराने १९५८ साली सुरू झालेली वार्धक्याची पाहणी आजही चालू आहे. फ्रेमिंगहॅम या लहानशा शहरात १९४८ साली हृदयविकारासाठी आरंभिलेल्या पाहणीतून पुढे स्मृतिभ्रंशाविषयीचे महत्त्वाचे ज्ञान बाहेर आले, आणि ज्या ५,२०९ रहिवाशांनी प्रारंभी आपले रक्तदाब मोजून घेतले त्यांना या पुढच्या उपयोगाची कल्पनाही नव्हती. देणारा आणि घेणारा यांच्यात जेथे असे दशकांचे अंतर पडते, तेथे ऋणाची नोंद न ठेवली तर ते ऋण विसरले जाते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या अमेरिकन उपक्रमाचा तपशील पाहिला की या नोंदीची आवश्यकता स्पष्ट होते. मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली २००३ साली सरकारी व खाजगी भागीदारीतून तो उभा राहिला. पहिल्या टप्प्यात पाच वर्षांसाठी सुमारे सहा कोटी डॉलरांची तजवीज होती, आणि अमेरिका व कॅनडा येथील पन्नासाहून अधिक केंद्रांत सुमारे ८०० माणसांची भरती करण्याचे ठरले: २०० निरोगी, ४०० स्मृती किंचित ढळू लागलेली आणि २०० अल्झायमर जडलेली. ठराविक मुदतीने या माणसांचे एमआरआय चित्रण व्हावयाचे, स्मृतीच्या व बुद्धीच्या चाचण्या व्हावयाच्या, कित्येकांचे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पेट चित्रण व्हावयाचे, आणि कित्येकांच्या पाठीच्या कण्यातून सुई घालून पाणी काढावयाचे. हे सर्व जमा झाल्यावर, कोणाही अर्जदार संशोधकाला, मग तो कोणत्याही देशातला असो, ती माहिती विनामूल्य मिळावी, आणि पैसा देणाऱ्या कंपन्यांनाही ती इतरांच्या आधी मिळू नये, असा दंडक घालण्यात आला. या औदार्याच्या बदल्यात मागणे एवढेच होते की निबंध प्रसिद्धीस देण्यापूर्वी उपक्रमाच्या समितीस दाखवावा, आणि वर सांगितलेला ऋणनिर्देश शब्दशः छापावा.

पैसा देणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याचा शिरस्ता जुना आहे, आणि त्यामागची पहिली प्रेरणा कृतज्ञतेची आहे हे कोणी नाकारणार नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे व गावे कोरलेली आहेत, आणि दोन सहस्र वर्षांनंतर त्या लेण्यामागचा समाज आपल्याला थोडाबहुत कळतो तो त्या लहानशा ओळींमुळेच. परंतु शास्त्रीय लेखनात दात्याच्या नावाला कृतज्ञतेहून निराळे आणि अधिक कठोर असे प्रयोजन आहे: ते नाव वाचकापुढे ठेवलेला पुरावा असतो. अमेरिकन उपक्रमाच्या यादीत प्रथम नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही सरकारी संस्था येते. मग अमेरिकेचे संरक्षण खाते येते, कारण व्हिएतनामच्या युद्धात मेंदूस इजा किंवा मनास आघात झालेल्या सैनिकांचा अभ्यास त्याच्या पैशातून झाला. आणि त्यानंतर एली लिली, आयसाय, बायोजेन, रोश यांच्यासारख्या कंपन्या वर्णानुक्रमाने येतात. यांपैकी आयसाय व बायोजेन यांच्या लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ साली आणि लिलीच्या डोनानेमॅबला २०२४ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही दोन्ही औषधे मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे द्रव्य काढून टाकण्याच्या हेतूने बनवलेली आहेत, आणि ते द्रव्य जिवंत माणसाच्या मेंदूत कसे मोजावे हे ठरवण्यात याच उपक्रमाचा फार मोठा वाटा आहे. यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. माहिती सर्वांस सारखीच खुली ठेवल्यामुळे या व्यवस्थेची नीतिमत्ता इतर पुष्कळ व्यवस्थांपेक्षा उजळ आहे. परंतु रोगाचे माप ठरवण्यास ज्याने हातभार लावला तोच त्या रोगावरचे औषध विकतो, ही गोष्ट वाचकास ठाऊक असली पाहिजे, आणि ती ठाऊक करून देण्याचे काम तो कंटाळवाणा परिच्छेद करतो.

त्याच यादीत ‘पिरामल इमेजिंग’ हे नाव येते, आणि मराठी वाचकाची नजर तेथे थांबल्यावाचून राहणार नाही. मुंबईच्या पिरामल उद्योगसमूहाने २०१२ साली बायर या जर्मन कंपनीकडून अमायलॉइडचे चित्रण करण्यास उपयोगी पडणाऱ्या फ्लोर्बेटाबेन या द्रव्याचे हक्क विकत घेतले; २०१४ साली त्यास युरोप व अमेरिकेत मंजुरी मिळाली; आणि २०१८ साली समूहाने तो व्यवसाय विकूनही टाकला. ईलान ही आयरिश कंपनी तर २०१३ साली दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन गेली. तरीही ही दोन्ही नावे त्यानंतरच्या शेकडो निबंधांत छापली गेली, कारण ज्या काळी माहिती गोळा झाली त्या काळी पैसा त्यांचा होता. पैशाच्या ऋणाची नोंद अशी असावी, असे माझे मत आहे: कंपनी बुडो, विकली जावो किंवा तिचे नाव बदलो, दप्तरातील नोंद पुसली जाऊ नये.

सरकारी पैशाच्या बाबतीत या नोंदीला आणखी एक अर्थ आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही संस्था १९७४ साली स्थापन झाली. अल्झायमरविषयीचा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत २०११ साली झाला. आणि त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत या रोगावरील संशोधनासाठी तेथील सरकार प्रतिवर्षी तीन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खर्च करू लागले. ही रक्कम करदात्यांची आहे. तिचे काय झाले हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे, आणि अनुदानाचा क्रमांक अचूक छापलेला असला तरच या प्रश्नाचे उत्तर कागदावरून काढता येते. पूर्वी एकाच संस्थेचे नाव दहा निबंधांत दहा प्रकारे लिहिले जाई आणि हिशेब जुळवणे दुरापास्त होई. प्रकाशकांच्या क्रॉसरेफ या संस्थेने २०१२ साली निधिदात्यांची प्रमाणित सूची सुरू केली, तेव्हापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. देणगीदारांची बाजू एकूण अशी बळकट आहे. त्यांच्यापाशी करारनामा असतो आणि पुढचा हप्ता रोखून धरण्याची ताकदही असते. त्यांची नोंद चुकली तर तक्रार करणारा कोणीतरी असतो.

देणगीदाराचे नाव तळटीपेतून वर चढून अभ्यासाच्या शीर्षकातच जाऊन बसते, असेही कधी कधी घडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदूसंशोधनाचे जे केंद्र आहे, ते इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या कुटुंबाने प्रतीक्षा ट्रस्टमार्फत दिलेल्या २२५ कोटी रुपयांच्या देणगीतून उभे राहिले. त्या केंद्रात वार्धक्याच्या दोन दीर्घकालीन पाहण्या चालतात. शहरी लोकांच्या पाहणीस टाटा न्यासांचे साहाय्य असल्यामुळे तिच्या नावात ‘टाटा’ आहे. ग्रामीण लोकांची पाहणी कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात चालते, दहा हजार माणसांचा तिचा संकल्प आहे, आणि तिच्या नावात त्या तालुक्याचे नाव गुंफले आहे. एकाच छताखाली एका पाहणीस दात्याचे नाव आणि दुसरीस देणाऱ्या मुलखाचे नाव, हा योग विचार करावयास लावणारा आहे. टाटांच्या दातृत्वाविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते. पैसा दुसरीकडून मिळवता आला असता. त्या तालुक्यातील शेतकऱ्यांचे मेंदू त्यांच्याचपाशी होते.

आता माहिती गोळा करणाऱ्यांकडे वळू. येथे वाद खरोखर तुंबळ आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी समिती १९७८ साली व्हँकूव्हर येथे एकत्र आली, तिच्या नियमांची सध्याची चौकट अशी आहे की लेखक म्हणवून घेण्यास चारही कसोट्या उतरल्या पाहिजेत: आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा मार्मिकपणे सुधारण्यात भाग, अंतिम मजकुरास संमती, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. नुसता निधी मिळवून देणाऱ्यास किंवा नुसती देखरेख करणाऱ्यास लेखकत्व नाही, त्यांचे नाव ऋणनिर्देशात जावे, असे हा नियम सांगतो. खात्याच्या प्रमुखाचे नाव न लिहिता-वाचता प्रत्येक निबंधावर चढवण्याच्या वाईट खोडीस या नियमाने आळा घातला, हे त्याचे मोठेच पुण्य. परंतु त्याच नियमाने, ज्या माणसाने पंधरा वर्षे एकेका वृद्धाच्या घरी जाऊन, त्याचा विश्वास संपादून, त्याची स्मृती मोजून ठेवली, तो मसुद्यावर बसला नाही एवढ्याच सबबीवर लेखकांच्या पंक्तीतून उठवला जातो. अमेरिकन उपक्रमाने यावर जो तोडगा काढला तो ती तारका: नामावळीच्या अखेरीस संपूर्ण उपक्रमाचे नाव घालावयाचे आणि तळाशी स्पष्ट करावयाचे की या मंडळींनी लेखन केलेले नाही. केंद्रांतील संशोधकांची पूर्ण यादी मात्र निबंधात येत नाही, ती कोठे पाहावी एवढेच सांगितलेले असते. ही तडजोड आहे आणि तिच्यात तडजोडीचे सर्व दोष आहेत. पण तिच्यापूर्वी काहीच नव्हते, हेही विसरता येत नाही.

याहून निराळी रीत वॉशिंग्टन विद्यापीठातील राष्ट्रीय अल्झायमर समन्वय केंद्राची. १९९९ साली स्थापन झालेल्या या केंद्रात देशभरातील अल्झायमर संशोधन केंद्रांची माहिती एका साच्यात जमा होते, आणि ती वापरणाऱ्याने प्रत्येक केंद्राचा अनुदान क्रमांक आणि कंसात तेथील प्रमुखाचे नाव व पदव्या असा एक अखंड परिच्छेद छापावा लागतो. तीसाहून अधिक केंद्रे, तितकेच क्रमांक, तितकीच नावे. प्रमुख बदलला की मजकूर बदलावा लागतो. हा परिच्छेद मी पुष्कळ निबंधांतून सावकाश वाचला आहे. त्याच्यात विद्वानांची नावे आहेत, सरकारी हिशेबाचे आकडे आहेत, आणि ज्या माणसांनी वर्षानुवर्षे त्या केंद्रांत येऊन, आपल्या विसरत चाललेल्या मनाची परीक्षा देऊन, पुष्कळदा मृत्यूनंतर मेंदूही तेथेच ठेवला, त्यांच्याविषयी एक शब्दही नाही. हिशेबी दप्तर म्हणून तो परिच्छेद निर्दोष आहे. ऋणनिर्देश म्हणून तो अपुरा आहे.

माहिती गोळा करणारे आणि ती वापरणारे यांच्यातील कटुता २०१६ च्या जानेवारीत उघड्यावर आली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादकीयात लॉंगो व ड्रेझन यांनी लिहिले की, दुसऱ्याने श्रमाने जमवलेल्या माहितीवर जगणाऱ्यांची एक जात निर्माण होईल अशी भीती काही संशोधकांना वाटते आणि अशांना ते संशोधनातील परोपजीवी म्हणतात. या एका शब्दावर केवढे वादळ उठले! माहिती वापरणाऱ्यांनी उलट त्याच नावाचा पुरस्कार सुरू करून, दुसऱ्याच्या माहितीचा उत्तम फेरवापर करणाऱ्यास तो देण्यास प्रारंभ केला. माझ्या मते त्या संपादकीयातील शब्द चुकीचा होता, पण त्यामागची व्यथा खरी होती. मेंदूच्या ‘वया’चा अंदाज करणारी जी गणिती साधने आज निघाली आहेत ती सर्व इतरांनी घेतलेल्या चित्रांवर शिकवलेली असतात. २०२२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मानवी मेंदूच्या आजन्म वाढीचा व ऱ्हासाचा आलेख काढणाऱ्या निबंधात १,०१,४५७ माणसांची १,२३,९८४ चित्रे होती आणि ती शंभरावर निरनिराळ्या अभ्यासांतून आली होती. शंभर अभ्यासांचे आभार कसे मानावेत? प्रत्येकाची विहित वाक्ये छापली तर निबंधाएवढीच पुरवणी होते. न छापली तर करारभंग होतो.

यावर उपाय सुचवले गेले आहेत, आणि त्यांतील काही चांगले आहेत. माहितीसंचालाच पुस्तकाप्रमाणे कायमचा क्रमांक देऊन संदर्भसूचीत त्याचा उल्लेख करावा, हे तत्त्व २०१४ च्या संयुक्त घोषणेने मान्य झाले. लेखकांच्या कामांची चौदा भूमिकांत विभागणी करणारी ‘क्रेडिट’ नावाची पद्धत आता पुष्कळ नियतकालिकांनी स्वीकारली आहे. तीत निधी मिळवणे व माहितीची निगा राखणे यांना स्वतंत्र स्थान आहे, तसेच साधने पुरवणाऱ्यालाही आहे. चौदांपैकी एकही भूमिका मात्र ज्याच्या शरीरावर हा सारा उद्योग चालतो त्याच्यासाठी नाही.

त्या माणसाच्या विस्मरणाचा इतिहास या रोगाच्या नावाइतकाच जुना आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात एकावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. आलोइस अल्झायमर यांनी तिची दिवसचे दिवस विचारपूस करून टिपणे ठेवली. १९०६ साली ती वारल्यावर तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेऊन तपासला. त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथे त्याचे वर्णन वाचले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध केले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात रोगास अल्झायमरांचे नाव दिले. रुग्ण स्त्रीचे नाव प्रसिद्ध लेखात नव्हते, आणि वैद्याच्या कर्तव्यास धरून ते नसणे योग्यही होते. आऊगुस्टे डेटर हे नाव जगाला सविस्तर कळले ते १९९५ साली फ्रांकफुर्टच्या दप्तरात तिची फाइल सापडल्यावर आणि १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचा वृत्तांत आल्यावर. तिच्या स्वतःच्या हाताने लिहिण्याचा प्रयत्न केलेले कागदही त्या फाइलीत होते. वैद्याचे नाव रोगास आणि रुग्णाची नव्वद वर्षे अनामिकता, या न्यायाचा पुनर्विचार करण्याची वेळ आली आहे असे मला मनापासून वाटते.

स्कॉटलंडची हकीकत याहून समाधानाची आहे. १ जून १९३२ रोजी त्या देशातील १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची, ८७,४९८ मुलांची, एकाच दिवशी बुद्धिमापनाची परीक्षा घेतली गेली; १९४७ च्या जूनमध्ये १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांची अशीच परीक्षा झाली. हे गुण हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांत राहिले, आणि त्या वह्या तेथील शिक्षणसंशोधन परिषदेने फेकून न देता जपल्या. लॉरेन्स व्हॅली व इयन डिअरी यांना त्यांचे मोल उमगले, आणि १९९८ साली अॅबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये सत्त्याहत्तरीस पोचलेले त्र्याहत्तर वृद्ध एकत्र बसून, अकराव्या वर्षी सोडवलेलीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवू लागले. बालपणीची बुद्धी वार्धक्यात कितपत टिकते, याचे इतके सरळ उत्तर तोवर कोणाला मिळाले नव्हते. पुढे एडिंबरा परिसरात १९३६ च्या पिढीतील १,०९१ माणसांचा जो अभ्यास चालू झाला, त्यास वृद्धांसाठी काम करणाऱ्या ‘एज यूके’ या धर्मादाय संस्थेचे मोठे साहाय्य झाले, आणि त्याच्या निबंधांतून त्या संस्थेबरोबर सहभागी माणसांचेही आभार आवर्जून मानलेले दिसतात. ते न्याय्यच आहे. तरी मला आठवण होते ती १९३२ साली पेपर वाटणाऱ्या व तपासणाऱ्या गावोगावच्या शिक्षकांची, आणि साठ वर्षे त्या वह्यांवर कसर लागू न देणाऱ्या कारकुनांची. त्यांची नावे कोणत्याही ऋणनिर्देशात आलेली नाहीत.

जपलेल्या कागदाचे हेच मोल अमेरिकेतील जोगिणींच्या अभ्यासात दिसून आले. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या पंथातील भगिनींचा अभ्यास आरंभिला. पंचाहत्तरी उलटलेल्या ६७८ भगिनी त्यात सामील झाल्या, आणि त्या सर्वांनी मृत्यूनंतर मेंदू देण्याचे लेखी कबूल केले. त्यांच्यापैकी ९३ जणींनी दीक्षेपूर्वी, विशीबाविशीत, स्वहस्ताक्षरात लिहिलेली आत्मवृत्ते मठाच्या दप्तरात सापडली. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी अधिक होती त्यांना साठ वर्षांनंतर अल्झायमर कमी जडला, हा १९९६ सालचा निष्कर्ष जगभर गाजला. सिस्टर मेरी या एकशे एक वर्षे जगलेल्या भगिनीची बुद्धी अखेरपर्यंत तल्लख होती, पण तिच्या मेंदूत मात्र रोगाच्या खुणा विपुल आढळल्या. आणि तिचे उदाहरण तिच्या पंथनामासह शास्त्रीय साहित्यात नोंदले गेले. तिच्या नावाने तो शोध स्मरणात राहतो. अनुदान क्रमांकाने तो तसा राहिला नसता.

कोलंबियातील आलिरिया रोसा पिएद्राइता हिची गोष्ट अधिक अलीकडची. अंतिओकिया प्रांतातील एका विस्तीर्ण कुळात, ज्याचे सुमारे सहा हजार लोक फ्रान्सिस्को लोपेरा यांनी आयुष्यभर अभ्यासले, एका जनुकीय दोषामुळे चाळिशीतच स्मृतिभ्रंश सुरू होतो. आलिरियाच्या अंगी तो दोष असूनही सत्तरीपर्यंत ती ठीक राहिली, कारण तिच्या दुसऱ्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती दुर्मीळ अशा बदललेल्या रूपात होत्या. ‘नेचर मेडिसिन’मधील २०१९ च्या निबंधात ती नावाविना आली, २०२० साली ती वारल्यावर कुटुंबीयांच्या संमतीने तिचे नाव जगास कळले, आणि तिचा मेंदू मेदेयिनच्या मेंदूपेढीत गेला. त्याच कुळातील २५२ जणांनी एका औषधाच्या चाचणीत वर्षानुवर्षे भाग घेतला. पैसा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग, जेनेन्टेक ही कंपनी व बॅनर संस्था यांचा होता. २०२२ साली कळले की औषधाने रोग रोखला नाही. अयशस्वी चाचणीचे दाते विसरले जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, आणि म्हणून तेथे ऋणनिर्देश अधिक तपशीलवार हवा.

नावे छापा, असा सरसकट आग्रह मात्र कोणी धरू नये. स्मृतिभ्रंशाचा जनुक कुळात आहे हे उघड झाल्यास नोकरी, विमा, मुलामुलींची लग्ने या साऱ्यांवर त्याची छाया पडते. २०१९ साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवून दिले की एमआरआयच्या चित्रांतून चेहरा पुन्हा उभा करता येतो, आणि चेहरे ओळखणाऱ्या साध्या प्रणालीने ८४ पैकी ७० जण बरोबर ओळखले. तेव्हापासून चित्रे खुली करण्याआधी त्यांतील चेहरा पुसण्याची दक्षता अधिकच वाढली आहे. ज्याने सर्वांत अधिक दिले त्याचा चेहराच पुसावा लागतो, ही या क्षेत्राची कठीण अट आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. पण निनावी ठेवणे आणि विसरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘सहभागी व त्यांच्या कुटुंबीयांचे आभार’ या पाच शब्दांत उरकण्याऐवजी किती माणसांनी किती वेळा पाठीतून पाणी काढू दिले, किती जणांनी मेंदू दिला, कोणत्या प्रदेशातील व कोणत्या भाषेतील ती माणसे होती, हे एका परिच्छेदात सांगता येते. अनुदानाचा क्रमांक जेवढा अचूक, तेवढेच हे अचूक असावे.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने, हार्वर्ड व दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने, २०१७-१८ मध्ये देशभरच्या ७२,२५० माणसांची वार्धक्यविषयक पाहणी केली. पैसा भारताच्या आरोग्य मंत्रालयाचा, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा होता. त्या पाहणीतून निवडलेल्या, साठी उलटलेल्या ४,०९६ जणांची स्मृतीची सविस्तर तपासणी झाली, आणि भारतात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांस, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांस, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली त्यातून निघाला. तपासणी वृद्धाच्या चाचणीवर संपत नाही. मुलगा, सून किंवा जो कोणी जवळ राहतो त्यालाही विचारले जाते की यांना पैशाचा हिशेब जमतो का, वाट चुकतात का, तेच ते पुन्हा सांगतात का. सासऱ्याच्या विसराळूपणाची अशी साक्ष परक्यापुढे देताना त्या सुनेला किती संकोच वाटला असेल! तिची साक्ष हीसुद्धा माहितीच आहे, आणि तिच्या नावाने कोणताही रकाना नाही. याच वृद्धांच्या रक्तातून सुमारे पावणेतीन हजार संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, आणि २०२५ साली ‘सेल’मध्ये त्यांवरून भारतीयांच्या पन्नास हजार वर्षांच्या पूर्वपीठिकेचा निबंध आला. स्मृतीच्या तपासणीसाठी दिलेल्या रक्ताने प्राचीन इतिहासाची पाने उघडली, हे विज्ञानाच्या दृष्टीने वैभव आहे. परंतु ज्याने बाही वर केली त्याच्या घरी ही बातमी त्याच्या भाषेत पोचवणे, हे त्या वैभवाचे देणे आहे.

निधिदात्यांची नोंद आता पुरेशी चोख झाली आहे, तिला अधिक कवायतीची गरज नाही. माहिती जमवणाऱ्यांची नोंद सुधारते आहे, आणि संपादकांनी ऋणनिर्देशास शब्दमर्यादेतून वगळले तर ती लवकर सुधारेल. सहभागी माणसांची नोंद ही संपादक, नीतिसमित्या आणि निधिदाते या तिघांनी मिळून मागितल्याखेरीज होणार नाही. निधिदात्यांनी तर आपल्या नावाबरोबरच ती छापण्याची अट करारनाम्यात घालावी, कारण ती पाळून घेण्याची ताकद त्यांच्याच हाती आहे. आणि ज्या वाचकांच्या घरी उद्या अशी पाहणी करणारा येईल, आई-वडिलांची स्मृती तपासू म्हणेल, रक्त मागेल, त्यांनी त्याला सन्मानाने बसवून घ्यावे, तपासणीस नकार देऊ नये. मात्र संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, पैसा कोणाचा आहे, माहिती कोठे ठेवली जाईल, ती आणखी कशासाठी वापरली जाईल आणि निघालेला निष्कर्ष आम्हांस मराठीत केव्हा कळेल, हे चार प्रश्न त्याला अवश्य विचारावेत.